उरलेलं कुठे गेलं

पुसला गेलेला डेटा परत मिळवून देणारं ते दुकान. पेनड्राइव्हशी कॉम्प्युटरने कसं बोलायचं, ते ठरवणारं सॉफ्टवेअर लिहिणारा इंजिनियर बाकावर नंबरची वाट पाहत होता. शेजारी बहीणभाऊ बसले होते.

“शंभर टक्के दिसलं, म्हणून पेनड्राइव्ह काढला. माझं काय चुकलं, ताई?”

“आईचा आवाज होता रे त्यात! कॉम्प्युटरवर असेल की.”

“कॉपी नव्हतं केलं. कट केलं होतं.”

“अरे देवा.”

“दुकानदार म्हणतो, शंभर दिसलं तरी आत लिहिणं चालूच होतं.”

“मग उचलली जीभ लावली टाळ्याला, ‘झालं’ म्हणून मोकळं! तू लगेच परत लावायचास ना.”

“लावला की! दोन सेकंदांत. तोवर उरलेलं कॉम्प्युटरने फेकून दिलं होतं.”

“फेकून? जरा वेळ धरून ठेवता आलं नसतं? ‘परत लाव’ एवढं म्हणायला काय झालं होतं?”

“हळू, ताई. लोक बघतायत.”

“बघू देत. ज्याने हे बनवलं, त्याला आई नसेल का रे?... काय हो, तुमचंही असंच गेलं का?”

इंजिनियरने गळ्यातलं ओळखपत्र शर्टाच्या आत सरकवलं.

“माझा नंबर आधी आहे,” तो म्हणाला. “माझ्याऐवजी तुम्ही जा.”