बाबा हसतात त्याचा फोटो

चूक मामाची! माझ्याकडे काय बघताय, मामाची! परदेशातून आला, स्वतःला नवा फोन घेतला आणि जुना माझ्या हातावर ठेवला, तोही असा की जणू इस्टेट लिहून देतोय... "घे भाच्या, तू कॉलेज सोडलंस, पण मामानं तुला नाही सोडलं!" आता हे वाक्य पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत म्हणायचं असतं का? पण मोठ्यांना कोण बोलणार! आणि फोन कसला, तर तिकडचा. तिकडे म्हणे कुणाचे चोरून फोटो काढू नयेत म्हणून कॅमेऱ्याचा आवाज बंदच होत नाही. रिंग बंद करा, आवाज पार तळाला न्या, फोनच्या पाया पडा... फोटो काढला की आतून बोंब मारणारच. खच्याक!

तुम्ही म्हणाल, मारू दे बोंब, तुझं काय जातं? सांगतो ना माझं काय जातं.

मी कॉलेज सोडलं तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण आईमार्फत. मी पुढ्यात उभा असतो आणि हे आईला सांगतात, "त्याला सांग, पंखा बंद कर." आई माझ्याकडे वळते, "बाबा म्हणतायत, पंखा बंद कर." अहो, ऐकलं मी! कान आहेत मला! पण नाही, टपाल आईच्याच पोस्टातून जाणार. साठी उलटलेला माणूस आणि रुसवा पाचवीतल्या पोरीचा!

पण दुपारी... दुपारी हा माणूस झोपला ना, की दुसराच कुणीतरी होतो, तुम्हाला सांगतो. आमच्या खिडकीला जुना पिवळा पडदा आहे, ऊन त्यातून गाळून येतं, मग सगळी खोली मधात बुडवल्यासारखी दिसते, धुळीचे कण कसलीही घाई नसल्यासारखे तरंगत असतात, घड्याळसुद्धा जपून वाजतं... आणि बाबा हसतात. झोपेत! आधी ओठाचा एक कोपरा हलतो, मग ते हसू गालावर चढतं, मग डोळ्यांच्या सुरकुत्यांत जाऊन बसतं. एकदा तर म्हणाले, "ये रे भोपळ्या..." भोपळ्या म्हणजे मी! लहानपणी गुटगुटीत होतो. ते नाव या घरात पुन्हा ऐकेन असं वाटलं नव्हतं. गेलो की मी, पाय न वाजवता खाटेपाशी गेलो... त्यांनी कूस बदलली.

आईला सांगितलं तर ती म्हणते, "तुझे बाबा? हसतात? लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो दाखव, मग बोल."

म्हटलं, थांब, फोटोच दाखवतो. तिलाही आणि त्यांनाही. हे बघा, झोपेत मला हाका मारता, मग जागेपणी काय दातखीळ बसते?

दुसऱ्या दुपारी बाबांचं हसू गालापर्यंत चढू दिलं, श्वास धरला, बोट टेकवलं... खच्याक!

आणि बाबांनी दोन्ही हात छातीशी ओढले नि झोपेतून ओरडले, "हात मागे!"

त्याचं असं आहे, बाबांचा जन्म गेला छापखान्यात, कागद कापायच्या मशीनवर. पातं खाली यायच्या आत हात मागे घ्यायचा, नाहीतर बोटं राहतात कागदात. आणि ते पातं बोलतं कसं? अगदी मामाच्या फोनसारखं! मी स्वप्नातल्या बाबांचा फोटो काढायला गेलो आणि त्यांना परत कामावर जुंपून आलो. उठले ते छापखान्याचा चेहरा घेऊनच, हसू पार पुसलेलं. आणि फोटोत काय? छत. दचकून माझाही हात उडाला ना!

"त्याला सांग," आईला म्हणाले, "दुपारचं काय कापत बसतो घरात?"

मामाला फोन केला. "अरे, सेटिंगमध्ये बघ, असेल कुठेतरी." असेल कुठेतरी! या पिढीचं सगळं असंच. नोकरी? बघ, असेल कुठेतरी. स्वतःला काडीची माहिती नाही, पण सांगणार असं, की जणू आपणच आळशी.

व्हिडिओ काढला. तर सुरू होतानाच टुंग! बाबा उठले, जाऊन दार उघडलं, बाहेर कुणी नाही. "त्याला सांग, कोण आलं होतं ते बघ." फोन लोकरीच्या मोज्यात घातला, भोकातून भिंग बाहेर काढलं... खच्याक! आवाज मोज्यातून सर्दी झाल्यासारखा आला, पण आला. "हात मागे!"

शेवटी गेलो मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे. त्यानं दातातली काडी न काढता फोन उलटापालटा केला. "भाऊ, याचा घसाच काढावा लागेल. स्पीकर काढतो. कानाला लावलात तर बोलणं ऐकू येईल, पण वाजणार नाही हां. नुसता थरथरेल."

म्हटलं, "काढ. मला कोण फोन करतंय!"

आणि ती दुपार... काय सांगू तुम्हाला! तोच पिवळा पडदा, तोच मध. बाबांचं हसू निवांत चढलं, मी बोट टेकवलं... काही नाही. काही म्हणजे काहीच नाही! धुळीचा एक कणसुद्धा जागचा हलला नाही. फोटोत बाबा हसत होते, आणि हात कसे, पोटावर, सैल, कुठल्याच पात्याची भीती नसलेले. मी तिथेच खाटेशेजारी फरशीवर आडवा झालो, फोन उशीखाली घेतला, आणि मलाही झोप लागली. स्वप्नात छापखाना होता, पण मशीन गप्प. वरून कोरे कागद पडत होते, सावकाश, पिसांसारखे, आणि पलीकडे बाबा मला काहीतरी सांगत होते. ओठ हलत होते, पण मध्येच कुठलासा भुंगा गुणगुणत होता, त्यात शब्द लागत नव्हते. म्हटलं, गुणगुणू दे... घाई काय आहे?

जाग आली तर खाट रिकामी. बाबा बाहेरच्या खोलीत पायातले बूट सोडत बसलेले, आणि आई माझ्यावर धावून आली.

"फोन का उचलला नाहीस? जुन्या छापखान्यात गेले होते, तिथून केला. स्वतः! तुला! दोनदा!"

मी उशीखालून भुंगा काढला.

"काय म्हणायचं होतं त्यांना?"

"मला काय ठाऊक? मला सांगायचं असतं तर तुला केला असता का?"

गेलो बाहेर. म्हटलं, "बाबा... फोन केला होता?" बाबांनी बुटाची नाडी सोडवली, मग दुसऱ्या बुटाची, जोड भिंतीला नीट लावून ठेवला.

"त्याला सांग, काही काम नव्हतं."

आई माझ्याकडे वळली. "बाबा म्हणतायत..."

"ऐकलं मी!"

फोटो आईला दाखवला. "अगंबाई, खरंच की रे," म्हणाली आणि किती वेळ फोन परतच देईना. फोटो चांगलाच आलाय, कुणीही सांगेल. बाबांनी मला केलेला फोन मात्र त्यात गेला.