दोन ठोक्यांची फट

...आन् वरून मलाच इचारतेत, "अप्पा, हे गाणं घ्यायचं का न्हाई?" आता तुमीच सांगा, सरकी-पेंडीच्या दुकानदाराला गाण्यातलं काय कळतंय? पोत्यात खडे किती ते इचारा, डोळे झाकून सांगतो! पण न्हाई... माझ्या लेकाचा, राजेश्वरचा, ब्यांड हाय. ब्यांड म्हणलं की तुमच्या डोळ्यापुढं लग्नातला येतो, लाल कोट, पिपाणी... तसला असता तर चार पंगती तरी जेवला असता! हे रॉक. म्हंजे गिटार इजेवर चालती, गाणारा वरडतो न् ऐकणारा भूत लागल्यावाणी मान हलवतो. नाव काय, तर 'भुईनळा'! इस वर्षामागं गंगाखेडला माझ्याच गोदामात ह्यांनी पहिली सीडी भरली. माझंच गोदाम कामून? तर म्हणे सरकीच्या पोत्यांत आवाज घुमत न्हाई! मी काई बोललो का? न्हाई!

बरं, थोडं बोललो. ते पुढं येतंय.

तवा गाणी भरली अकरा, सीडीवर गेली धा, एक टाकून दिलं. आता पोरं... पोरं कसली, चाळिशीतली घोडी, एकाला चष्मा, एकाचं पोट सुटलं... नवा अल्बम काढायलेत. तर ह्यो सिद्धोधन, ढोल वाजवणारा... "ढोल न्हाई काका, ड्रम म्हणा!" बरं बाबा, ड्रम... ह्यो माणूस कागदाची पुडीसुद्धा फेकत न्हाई. त्यानं पत्र्याच्या पेटीतून ते टाकलेलं गाणं हुडकून काढलं, हसायला म्हणून आणलं, न् माझ्या ओसरीवर तकरार सुरू!

राजेश्वर म्हणतो, "घ्यायचंच! आपलं सगळ्यात चांगलं गाणं हाय हे." सिद्धोधन म्हणतो, "शिळ्या कढीला ऊत कशाला? नव्या ताटात नवं वाढावं. न् माझे दोन ठोके चुकलेत त्यात." "मग तेवढे नव्यानं भर की!" "भरतो. मग जुनं काय ऱ्हायलं त्यात?" नऊला बसलेले, बारा वाजले, तीनदा चहा झाला, गिऱ्हाईक दुकानापुढून वापस गेलं... मी काई बोललो का? न्हाई!

शेवटी राजेश्वर म्हणतो, "अप्पा, तुमीच ऐका. ठोके चुकले ते तुमच्यापायी."

माझ्यापायी? म्या जल्मात ढोलाला बोट लावलं न्हाई! तरी लावलं ते गाणं वाजवायचं डबडं कानाला. आधी धडामधूम, धडामधूम, पत्र्यावर गारा पडाव्या तसं... न् मधीच लांबून कुणीतरी बोंबलायलाय, "अरे बंद कराऽऽ! म्हशीनं पान्हा चोरला!" म्या म्हणलं, कोण हाय रे हा येडा? तर दोघं माझ्याकडंच बघायलेत.

मग आठवलं. गोदामाच्या मागंच गोठा. मी धारेला बसलेला, आत ह्यांचा भुईनळा उडायला, म्हैस बिचकली, चरवीत थेंब पडंना... वरडलो! सिद्धोधन दचकला, हातातली काडी पडली, दोन ठोके गेले. न् तुमाला सांगतो, त्या दोन ठोक्यांच्या फटीत भागम्मा बोलली.

भागम्मा म्हंजे माझी मालकीण. चहा घेऊन आत गेली असंल, माईक आढ्याला टांगलेला, नेमका तिच्या तोंडापाशी. हळूच, आपल्या आपल्याशीच म्हणती, "गप बस की रे धोंडप्पा. लेकरं वाजवायलेत."

धोंडप्पा! न् वर 'रे'!

अहो, एक्केचाळीस वर्षं संसार केला, ह्या बाईनं एकडाव माझं नाव घेतलं न्हाई! लग्नात उखाणा घे म्हणले, तर "बेलाचं पान वाहते..." इथवर आली न् पदर तोंडात कोंबून बसली. रेशनकार्डाचा साहेब इचारतो, "बाई, नवऱ्याचं नाव?" तर ही बारक्या राजेश्वरकडं बोट करती, "ह्याचा बाप!" साहेबानं खरंच तसं लिहायला घेतलं व्हतं! न् इथं पाठीमागं... रे धोंडप्पा! म्हंजे रोज म्हणत व्हती का काय हो, भाकरी थापता थापता?

लिंगैक्य होऊन चार वर्षं झाली तिला. फोटो हाय भिंतीवर, पण फोटो बोलतो का? मोबाईल पुढं धरला की चुलीकडं पळायची. जगात कुठंच तिचा आवाज नव्हता. न् इस वर्षं तो त्या पेटीत, वायरीच्या भेंडोळ्याखाली बसून मला दटावायलाय! ते डबडं म्या नऊडाव कानाला लावलं. धाव्यांदा राजेश्वरनं पाण्याचा तांब्या आणून दिला. मी काई बोललो का? न्हाई... बोलता येईना.

सिद्धोधन हळूच म्हणतो, "काका, अडचण वाटत असंल तर भरतो ते दोन ठोके. काकूचा आवाज झाकून जाईल, गाणं बी सरळ हुईल." राजेश्वर मान खाली घालून, "व्हय अप्पा. आईनं असं नाव घेतलेलं, चार लोकांत बरं न्हाई दिसत."

आता बोललो!

"खबरदार! एक ठोका भरला तर गोदामाला कुलूप! नव्या ताटात नवं म्हणं! अरे, नव्या जावयाची पंगत बसली म्हणून घरातल्या म्हातारीला कुणी उठवतंय का, तू मागच्या सालची म्हणून? बसू दे तिला! न् जिथं चुकलं तिथंच बसू दे!"

सिद्धोधननं चष्मा पुसला. "काकू मला न इचारता दुसरी भाकर वाढायच्या," म्हणला. "घेऊ. ठोके चुकलेलेच बरे."

इस वर्षं ह्या दोघा पोरांना शिव्या दिल्या म्या. आता सकाळी लिंगपूजा झाली की एक नमस्कार त्या पत्र्याच्या पेटीला, न् एक त्या म्हशीला. कवाच मेली बिचारी. पण तवा पान्हा सोडला असता, तर मी कशाला वरडलो असतो? काडी कशाला पडली असती? लय उपकार तिचे.

गाणं आलंय बरं का. सगळ्यांच्या मोबाईलवर हाय. परवा यष्टीत कंडक्टरसंगं सुट्ट्यावरून भांडाय लागलो, तर मागच्या शिटावरून धुरपताबाई, ती भाजीवाली, माळव्याच्या पाटीआडून म्हणती, "गप बस की रे धोंडप्पा!" सगळी गाडी हसली. पालमच्या बाजारात तेच, दुकानात गिऱ्हाईक बी तेच! इज्जत? गेली, पार गेली! चौऱ्याहत्तर वर्षं कुणाच्या बापाचं ऐकलं न्हाई म्या. कंडक्टरला चांगलं सुनवायला तोंड उघडलंच व्हतं...

पण सांगणारी नाव घेऊन सांगती हो. बसलो गप.