आयर्लंडच्या गडावरची ओटी

आयर्लंडचे फोटो मागताय ना, मग त्यातल्या नारळाची गोष्टही ऐका. माझी सुनीता तिकडे नर्स आहे. जावई तिकडेच घर घ्यायचं म्हणत होते, म्हणजे लेक कायमची गेली. मी तिला परत आणायला गेले. निघताना बुवापाड्याच्या वन्सं म्हणाल्या, "तिकडे समुद्राकाठी जुने गड आहेत म्हणे. गड म्हटला की देवी असणारच. तिची ओटी भर, पोरगी बदलापूरला येईल."

खण-नारळ पिशवीत घेऊन मी तीन किल्ले चढले. खाली एवढा सुंदर समुद्र, माझं लक्ष मात्र भिंतीतल्या कोनाड्यांत. शेवटच्या बुरुजावर सुनीताने विचारलं, "आई, मघापासून काय शोधतेयस?"

"देवी."

"अगं, इथे नसते देवी."

"मग या ओटीचं काय करू? नवसाची ओटी घरी परत नेत नाहीत."

"माझी भर," म्हणत तिने हसत कोटाचा घेर पुढे केला. मी तांदूळ घातले, खण ठेवला, वर नारळ ठेवला. तिचं हसू थांबलं.

"आई, अशी ओटी लेकीला सासरी पाठवताना भरतात ना?"

मी हो म्हटलं. आणायला गेले होते मी तिला.