टोळी कुणाची

(नारायणगावातली द्राक्षांची पॅकिंग शेड. दुपारची सुट्टी, कामाच्या बायका मागं बोरीखाली जेवायला बसल्यात. ऑफिसात शेडच्या मालकीण रुक्मिणीबाई, त्यांची नात खुशबू, आणि करारावर ज्याचं नाव ठेकेदार म्हणून आहे तो गेणू.)

रुक्मिणीबाई: मग निमगाव सावाला काय देवदर्शनाला गेला होतास?

गेणू: मी कुठं न्हाई म्हणलो, बाई. कामालाच गेलो व्हतो.

रुक्मिणीबाई: जीप भरून बायका नेल्यास. आमच्या शेडातल्या. आणि लगेच तो कामगारांचा सरकारी साहेब आमच्या दारात उभा. तू आधी कुठं गेलास ते सांग. निमगावला का साहेबाच्या ऑफिसात?

गेणू: त्या साहेबाला मी वळखत बी न्हाई.

रुक्मिणीबाई: त्याला तर तू बरा ओळखीचा होतास. पायरी चढायच्या आत विचारलं, गेणू ठेकेदार कोण म्हणून. एवढ्या मोठ्या बाजारात माझं नाव घेतलं नाय, माझ्या लेकाचं, पुखराजचं घेतलं नाय.

खुशबू: दादी, करार पप्पांनीच त्यांच्याकडे पाठवला होता. हे मजूर आमचे नाहीत, गेणूभाऊंचे आहेत, असं लिहून. मग ते गेणूभाऊंनाच विचारणार ना?

रुक्मिणीबाई: तू बी.कॉम. झालीस, कागद वाच. हा माणूस मी वाचलेला आहे. घाटघरवरनं आला तेव्हा पेटी कशी धरायची ते ठाऊक नव्हतं याला. आम्ही शिकवलं. ठेकेदारही आम्हीच केलं.

गेणू: केलं म्हंजी काय केलं, बाई? पुखराजशेठ म्हणलं हितं सही कर, मी केली. मग म्हणलं, आता तू ठेकेदार. मी म्हणलो बरं. आन् परत जाऊन पेट्याच उचलल्या.

रुक्मिणीबाई: साहेबाला हेच सांगितलंस?

गेणू: मी काय सांगणार? त्यानं इचारलं, हजेरी कोण घेतं. शेठनी पढवल्यावानी मी म्हणलो, मीच घेतो. मग म्हणला, आज कोण आलं न्हाई? मी आपला छताकडं बघतोय. तेवढ्यात आतनं तुमीच वरडला, सरूबाई आली नाय, तिच्या नातवाला ताप आहे, तिच्या जागी गोजरबाईला लावा. साहेब हसाया लागला.

रुक्मिणीबाई: ताप होता म्हणून सांगितलं. खोटं सांगितलं का मी?

खुशबू: खरं होतं, दादी. तेच तर अडचणीचं झालं. मग ते टेबलापाशी गेले. एकेकीला विचारलं, तुमचा मालक कोण. सगळ्यांनी तुझ्याकडे बोट केलं.

रुक्मिणीबाई: करतीलच. कुणाकडं करायचं मग? या खांबाकडं?

खुशबू: बघ, कशी खूश झालीस.

रुक्मिणीबाई: खूश कशाला होऊ? मला हे सगळं जुळवलेलं दिसतंय. यानं बायकांना फितवलं, बोट दाखवायला लावलं. आमच्यावर केस झाली की हा बायका घेऊन निमगावला मोकळा.

गेणू: केस झाली तर पयली माझ्यावर व्हईल, बाई. बिगरलायसनचा ठेकेदार म्हणून. शेठ म्हणतील, सही तर याची हाय. साहेबानं मला बाजूला घिऊन सांगितलं, खोटा करार केल्याबद्दल तू बी अडकशील आन् शेठ बी. सोमवारी परत येतो, तवर खरं काय ते ठरवून ठेवा.

रुक्मिणीबाई: बाजूला घेऊन. ऐकलंस ना, खुशबू? ओळख नाय म्हणतो आणि बाजूला घेऊन बोलणी होतात.

खुशबू: मलाही बाजूला घेतलं होतं, दादी. साळुबाईच्या डब्याबद्दल विचारायला.

रुक्मिणीबाई: त्या डब्याचं काय?

खुशबू: ते समोर बसलेले, आणि तू साळुबाईला डबा उघडायला लावलास. वास घेतलास आणि बाहेर पाठवलंस.

रुक्मिणीबाई: सुकट होती त्यात. आम्ही जैन माणसं. माझ्या शेडात सुकट नाय, लसूण-कांदा नाय, हे काय मी त्या दिवशी ठरवलं? पहिल्या पेटीपासनं आहे.

गेणू: कांद्याच्या गाड्या मात्र तुमच्याच आडतीवर भरल्या आमी. त्येचा वास कदी आला न्हाई तुमाला.

रुक्मिणीबाई: तो कांदा गोणीत असतो. कुणाच्या तोंडात नसतो.

खुशबू: दादी, साहेबांनी मला इतकंच विचारलं. मजूर गेणूचे असतील, तर डबा तुमची आजी का उघडते? मला काही बोलता आलं नाही.

रुक्मिणीबाई: बोलायचं होतं. कॉलेजला कशाला घातलं तुला?

खुशबू: काय बोलणार? कोणाला घ्यायचं, कोणी कुठल्या टेबलावर उभं राहायचं, उशीर झाला तर कोणाला परत पाठवायचं, सगळं तू ठरवतेस. कात्र्या आपल्या, वजनकाटा आपला. गेणूभाऊंनी आणलेली बाई तुला आवडली नाही तर तू दारातूनच घालवतेस. कायदा करारावर काय लिहिलंय एवढंच बघत नाही, शेडमध्ये काय चालतं ते बघतो. आणि शेडमध्ये तुझंच चालतं.

रुक्मिणीबाई: बरं. आता पुखराज काय म्हणतो ते ऐका. गेणूला बोलव, म्हणाला. सोमवारच्या आत बायकांना शिकवायचं, साहेबानं विचारलं की म्हणायचं गेणूभाऊ आमचे मालक. म्हणून बोलावलं तुला. निमगावचं नंतर बघते.

गेणू: ते शिकवून झालं, बाई. शेठनी काल सोताच शिकवलं. साळुबाई म्हणली, गेण्या मालक, मग बाई कोण? शेठ म्हणलं, बाई कुणी न्हाईत. तर ती रडायलाच लागली. तिला वाटलं तुमचं काय बरंवाईट झालं.

रुक्मिणीबाई: कुणी नाय म्हणाला? माझा पुखराज?

गेणू: सगळ्या बायकांम्होरं.

रुक्मिणीबाई: त्याचे वडील गेले तेव्हा तो हिशेबाला बसायला घाबरत होता. पहाटे बागेत मी जात होते, घडावरची पांढरी लव हात लागून पुसली तर नाय ना गेली, ते मी बघत होते. आणि आता मी कुणी नाय. ते नाटक होणार नाय माझ्या शेडात. खुशबू, तुझ्या कायद्यात सरळ रस्ता आहे का कुठला? का सगळे वाकडेच?

खुशबू: दोन आहेत. एक, या बायका आपल्या म्हणून कबूल करायचं. आपलं मस्टर, त्यांचा फंड, सुट्ट्या, काही लागलं-खुपलं तर आपली जबाबदारी. मग तू मालकीण, कागदावरही आणि टेबलावरही.

रुक्मिणीबाई: मग झालं की. टाक मस्टरवर. दुसरा ऐकायचाच नाय मला.

गेणू: मला ऐकायचाय.

खुशबू: दुसरा म्हणजे गेणूभाऊ खरोखरचे ठेकेदार. त्यांचं लायसन, आपली नोंदणी. माणसं ते निवडणार, कात्र्या त्यांच्या, कामाला कोण येणार ते त्यांचं. आपण फक्त भरलेली पेटी बघायची. त्यांनी पगार बुडवला तर मात्र कायदा आपल्याला धरतो, म्हणून पगार वाटताना आपला माणूस समोर हवा.

रुक्मिणीबाई: म्हणजे बुडालं तर भरायचं आम्ही, आणि बोलायचं मात्र नाय.

खुशबू: आणि दादी, निमगावचं काम. ज्यावरून तू सकाळपासून त्यांना धरलंयस. चार ठिकाणचं काम घेणं, तेवढ्या एकाच बाबतीत ते खऱ्या ठेकेदारासारखे वागलेत.

रुक्मिणीबाई: बेइमानी केली म्हणून खरा ठेकेदार? हे कुठल्या पुस्तकात आहे?

गेणू: बेइमानी कशाची, बाई? त्या दोन दिसांत तुमच्याकडं माल नव्हता. शेडला कुलूप व्हतं. जीप बी तुमची न्हाई नेली, आळेफाट्याच्या पोराची भाड्यानं नेली. कात्र्या इकत घेतल्या. आन् निमगावचा शेठ म्हणला, लायसन काढ, मगच पुढचं काम. ह्याला काम देतोय असा दाखला त्यानं दिला, मी अर्ज केला. तुमच्या शेडसाठी बी पुखराजशेठकडं दाखला मागितला. ते म्हणलं, कशाला उगा खर्च.

रुक्मिणीबाई: मला का नाय सांगितलंस?

गेणू: तुमी आत्ता कशा इचारताय, तसंच तवा बी इचारलं असतं.

रुक्मिणीबाई: अर्ज दाखव. खुशबू, बघ नीट. शिक्का बघ. तारीख मागची-पुढची केलीय का बघ.

खुशबू: पावती आहे, दादी. खरी आहे.

रुक्मिणीबाई: असेल. तरी बायका मी मस्टरवर घेते. तू जा निमगावला एकटा, बघू कोण येतं तुझ्या मागं.

गेणू: बाई, द्राक्षं सरली की तुमी परत कुलूप लावणार. मग पुढच्या सीझनपतुर बायकांनी कुणाकडं बघायचं? मी त्यांना टोमॅटोला नेतो, कांदा काढणीला नेतो. तुमच्याकडं त्या सीझनच्या हायत. माझ्याकडं बारा म्हैन्याच्या हायत.

रुक्मिणीबाई: साळुबाई नाय येणार तुझ्याबरोबर. ती माझ्या पहिल्या टेबलावरची.

गेणू: साळुबाईनंच निमगाव मागून घेतलंय.

रुक्मिणीबाई: खोटं बोलतोस.

गेणू: बोलवा, इचारा. तिचं गुडघं गेल्यात. तिथं बसून कात्री चालवायला बाकडं हाय. हितं उभं ऱ्हावं लागतं.

रुक्मिणीबाई: मला म्हणाली असती तर मी बाकडं नसतं आणलं?

गेणू: आणलं असतं. पर तुमाला म्हणायची टाप कुणाची हाय?

खुशबू: दादी, पाणी देऊ का?

रुक्मिणीबाई: पाणी नको. सोमवारी तो साहेब आला की माझ्यापुढं बसव. मी सांगेन, आजवर या बायका आमच्या होत्या, करार नुसता कागद होता. मागचा फंडबिंड जे काय निघेल ते आम्ही भरू. गेणूला धरू नका म्हणावं, त्यानं सही केली ती आम्ही सांगितलं म्हणून. आणि पुखराजला मध्ये बोलू देऊ नकोस.

गेणू: आन् म्होरचं, बाई?

रुक्मिणीबाई: पुढचं तुझं. दाखला देते मी. पण पेटीत एक मणी सडका निघाला तर मी कुणाला बोलायचं?

गेणू: मला. बायकांना न्हाई, मला बोलायचं. कुणाला कुठं लावायचं ते मी बघंन. सुकट बी शेडमधी येणार न्हाई, पर ते बी मीच सांगंन त्यांना.

रुक्मिणीबाई: खुशबू, हे सगळं लिहून घे. हा आत्ता गोड बोलतोय.

खुशबू: लिहिते. फक्त एक, लायसन हातात येईपर्यंत बायका आपल्याच मस्टरवर राहतील. तोवर मालकीण तूच. ... दादी, सुट्टी संपली. कोणी उठलेलं दिसत नाही.

रुक्मिणीबाई: मारते हाक. लायसन यायला किती वेळ लागतो म्हणालास?

गेणू: सरकारी काम, बाई. म्हैना लागंल, न्हाईतर दोन बी लागत्याल.

रुक्मिणीबाई: लागू दे.