कुंपणालगतचे नऊ नर

दादा: थांब, थांब! आधी त्याला ती करवत खाली ठेवायला सांग.

धाकटी: का? झाडं माझ्या हिश्श्यातली आहेत.

दादा: अगं, जायफळाची आहेत! बारा वर्षांची झाडं कोणी अशी आडवी करतं?

धाकटी: नर आहेत, दादा. फळ धरत नाहीत. माझ्या वीस झाडांत अकरा नर निघाले. विहिरीपाशी दोन ठेवतेय, माझ्या नऊ मादी झाडांना तेवढे पुरे. कुंपणालगतचे नऊ जाऊ देत.

करवतवाला: ताई, कुठून धरू?

धाकटी: कोपऱ्यातल्यापासून.

दादा: हात लावशील तर बघ! धाकटे, ऐक. विहीर कुठे, माझी झाडं कुठे! इथले नर गेले तर माझ्याकडे फूल येईल नि तसंच गळून जाईल.

धाकटी: मग तुझे नर कुठे आहेत?

दादा: माझ्याकडे... नाहीत.

धाकटी: एकही नाही? बी पेरून केलेल्या बागेत?

करवतवाला: बियांच्या झाडांत थोडे तरी नर निघतातच हो, भाऊ. आमच्या सासऱ्यांच्या बागेत तर...

दादा: तू गप रे.

धाकटी: बोलू दे त्यांना. कुंपण असं नागमोडी का, विचारलं होतं मी. तू म्हणालास, खाली कातळ आहे, खांब बसत नाहीत.

दादा: आहेच कातळ.

करवतवाला: खांब मीच पुरले होते, ताई. लोण्यासारखी माती होती.

दादा: तुझ्या तोंडाला काही कुलूपबिलूप?

धाकटी: वाटणीच्या दिवशी मला दुधातून जायफळ पाजलं होतंस का रे? डोळे मिटून सही केली मी. फळं कमी आली त्याचं एवढं नाही. पाच वर्षं खत घातलं, पाणी घातलं, वाटायचं आपलंच काहीतरी चुकतंय. तुला विचारायला आले, तर म्हणालास, हातगुण लागतो.

दादा: म्हणालो खरं.

धाकटी: तुला ठाऊक होतं?

दादा: तू शहरात होतीस. पहिला बहर मी एकट्याने बघितला. मादीला फूल एकेकटं येतं, नराला घोसाने. नरांच्या खोडांवर चुन्याची बोटं ओढली, आणि ती बघत बघत कुंपणाची दोरी टाकली.

धाकटी: बाबांना माहीत होतं?

दादा: नाही. ते गेल्यावर केलं.

करवतवाला: ताई, ऊन चढतंय. कापू की जाऊ?

धाकटी: जाऊ नका. करवत आणलीच आहे, तर हे खांब कापा.

दादा: आणि पीक?

धाकटी: एकत्र वेचू, एकत्र वाळवू. जायपत्री सोडवायला माझ्यासमोर बसायचं, आणि हातगुणाचं काय ते कोणी विचारलं तर तू सांगायचंस.

करवतवाला: खांब कापतो. पण तारा करवतीने तुटायच्या नाहीत, भाऊ.

दादा: थांब जरा. पक्कड आणतो.