पट्ट्याचा सायलेन्सर

मिस्त्री : हा सायलेन्सर नाही बसायचा. भोकं बघ ना. इंजिनाची जवळजवळ, याची लांब. धसमुसळेपणा केलास तर आटे जातील.

मुलगी : मग तो काळा?

मिस्त्री : तो डबा? इंजिनापेक्षा मोठा आहे तो. नाकावर एवढं ओझं टाकलंस तर ते हातभर विमान जागच्या जागी नमस्कार घालेल.

मुलगी : उडवायचं नाहीये, काका. अंगणात खुंटीला बांधून नुसतं चालवायचंय. पाच मिनिटं. बाबांच्या खिडकीखाली.

मिस्त्री : मग सायलेन्सर कशाला? तुझ्या बापाने उभ्या जन्मात लावला नाही. मैदानावर विमानं उडवताना सगळे लावायला लागले तेव्हा मला म्हणाला, तू लेकराच्या तोंडात बोळा कोंबतोस. आठ दिवस बोलला नाही माझ्याशी.

मुलगी : समोरच्या बाई रात्रपाळी करतात. दिवसा झोपतात. बाबांचं मागचं विमान चालवलं तेव्हा त्या भांडून गेल्या होत्या. आता मी पाया पडायचीच बाकी होते, तेव्हा कुठे हो म्हणाल्या. सायलेन्सर लावणार असाल तर, म्हणाल्या.

मिस्त्री : आणि डॉक्टर काय म्हणतात?

मुलगी : आता घरीच असू द्या म्हणतात.

मिस्त्री : ...बरं. तो पट्ट्याचा दे इकडे. त्या डब्याखाली आहे बघ. याला भोकं लागत नाहीत, सिलिंडरला पट्टा गुंडाळायचा आणि मागून आवळायचा. जुन्या इंजिनाला हाच. आवाज निम्मा करतो, मारून टाकत नाही.

मुलगी : निम्मा म्हणजे बाबांना ऐकू जाईल ना?

मिस्त्री : ते मी तुला विचारायचं. कान कसे आहेत?

मुलगी : उजवा गेलाच. डाव्याशी तोंड नेऊन मोठ्याने बोललं की थोडं कळतं. बाकी ओठांवरून ओळखतात.

मिस्त्री : त्या उघड्या इंजिनांनीच कान खाल्ले त्याचे. आणि काय कान होते! आम्ही इंधनाची सुई फिरवत बसायचो, हा पाठ करून, डोळे मिटून उभा. म्हणायचा, पाव आटा बंद कर. पाव म्हणजे पावच. कधी चुकला नाही मेला.

मुलगी : हे विमान दोन वर्षं बांधत होते. इंजिन बसवलं आणि आजारी पडले. एकदाही सुरू केलेलं नाही. परवा मला म्हणाले, एकदा ऐकव. दुसरं काही मागितलं नाही, काका. खायलासुद्धा मागत नाहीत.

मिस्त्री : रविवारी सकाळी येतो. आणि हे बघ, ही बारीक नळी सायलेन्सरमधून टाकीला जाते, इंधनाला रेटा द्यायला. ओढू नकोस. पट्टा पहिल्या खेपेनंतर गरम असतानाच पुन्हा आवळावा लागतो, नाहीतर सुटतो. घरी तू हात लावू नकोस.

(रविवार सकाळ. घरासमोरचं अंगण. उघड्या खिडकीच्या आत वडील खाटेवर आडवे.)

मिस्त्री : बस्स, बंद केलं. काय गोड चाललं! बघ, काय म्हणतोय तो.

मुलगी : बाबा! ऐकलंत?

वडील : कधी सुरू करताय? मिस्त्री आला नाही का अजून?

मुलगी : आलेत, बाबा. सुरू करतोच आहोत.

मिस्त्री : पाच मिनिटं चाललं की गं ते.

मुलगी : काढा तो सायलेन्सर.

मिस्त्री : त्या बाई?

मुलगी : मी बघते त्यांच्याकडे. काढा, काका.

मिस्त्री : थांब, पक्कड दे. भाजेल. असा... हा घे, फडक्यात धर. आता टाकीला रेटा नाही, सुई अर्धा आटा उघडतो. बॅटरी लाव. पंख्यापासून लांब हो. अजून लांब!

मुलगी : खिडकी पूर्ण उघडलीये!

मिस्त्री : काय?

मुलगी : खिडकी!

मिस्त्री : ऐकू येत नाही! पूर्ण सोडू का?

मुलगी : सोडा! पूर्ण!

मिस्त्री : गॅलरीत आल्या बघ त्या!

मुलगी : काय?

मिस्त्री : समोरच्या बाई! उभ्या आहेत!

मुलगी : राहू देत उभ्या!

मिस्त्री : पोरी, बास! तापलंय, अडकेल! बंद करतो!

मुलगी : ...त्या ओरडल्या का?

मिस्त्री : नाही. नुसत्या बघत होत्या खिडकीकडे. आत गेल्या. माझ्याच कानात अजून घुमतंय. जा, विचार त्याला. काय गं? जा की.

मुलगी : तुम्ही चला ना बरोबर.

मिस्त्री : मी इथेच बरा.

मुलगी : (खिडकीशी जाऊन) बाबा?

वडील : तेलाचा वास येतोय.

मुलगी : हो.

वडील : जळक्या तेलाचा. म्हणजे चाललं.

मुलगी : चाललं, बाबा. छान चाललं.

वडील : मग आवाज?

मिस्त्री : अगं, ते फडकं धुमसतंय हातात. ठेव तो सायलेन्सर खाली.

वडील : काय म्हणतो मिस्त्री?

मुलगी : काही नाही. विचारतायत, कसं वाटलं.

वडील : सायलेन्सर लावलात ना तुम्ही? खरं सांग.

मुलगी : (मान डोलावते.)

वडील : तरीच. मी म्हणतो, एवढंसंही कसं येत नाही कानावर. त्याला सांग, आठ दिवस बोलणार नाही मी त्याच्याशी.

मुलगी : सांगते.

वडील : लावलाच आहेस तर असू दे. शेजारी झोपलेले असतात. पण एवढा आवाज खाणारा... कुठला आहे?

मुलगी : पट्ट्याचा, बाबा. फार चांगला निघाला.