रूबी फार लांब जाते

केंटकीतल्या आमच्या गावात, जनावरांच्या दवाखान्यात, माझ्या शेजारी म्हातारे डेल्बर्ट आणि त्यांची बायको ओपल बसले होते. पायाशी त्यांची शिकारी कुत्री, रूबी; रॅकून नावाच्या रानटी प्राण्याला झाडावर चढवायचं आणि मालक येईपर्यंत खाली भुंकत राहायचं, हे तिचं काम.

"हिचं काहीतरी बिनसलंय बघ. पूर्वी हाकेच्या अंतरात असायची. आता पार टेकडीपलीकडे जाते."

"कशावरून?"

"भुंकणंच ऐकू येत नाही गं! हमरस्त्यावर गाडीखाली आली तर?"

"काल कुठे गेली होती?"

"देव जाणे. हाका मारमारून घसा बसला माझा."

"अहो, काल ती आपल्याच ओढ्यावर झाडाखाली भुंकत होती. मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं."

"ओढ्यावर? मी तर तिथेच पुलावर होतो."

"हो. दिसत होतात मला."

डेल्बर्टनी रूबीचा पट्टा मुठीत घट्ट आवळला.

"चला, उठा. मघापासून रूबीचं नाव पुकारतायत."